२२२ बाइटांचा तक्ता: ॲपल-टूच्या रॉममधलं एक प्रकरण

आमच्याकडे कोड रिव्ह्यू चालू होता. छोट्या कंट्रोलरवर सिरियल पोर्टवरून येणारे तीन अक्षरी कमांड ओळखायचे, एवढंच काम. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने व्यवस्थित हॅश टेबल, म्हणजे चावीवरून घराचा पत्ता काढणारा तक्ता, लिहिलं होतं. चावी, किंमत, टक्कर झाली तर पुढचं घर, सगळं पुस्तकाबरहुकूम. चालतही होतं. फक्त फ्लॅश मेमरीत जागा उरली नव्हती. मी तिला ॲपल-टू या जुन्या संगणकाच्या मॉनिटर रॉमचं (कायमच्या मेमरीतल्या प्रोग्रामचं) छापील लिस्टिंग उघडून दिलं आणि म्हटलं, यात ऑपकोडवरून, म्हणजे सूचनेच्या आकड्यावरून, तिचं नाव शोधणारा तक्ता आहे, बघ. अर्ध्या तासाने ती परत आली. "सर, किमती सापडल्या. पण चावी कुठे ठेवलीय?"

प्रश्न नेमका होता. या प्रकरणाचा जीवच तिथे आहे.

आधी परिस्थिती. १९७७ सालचं यंत्र, ६५०२ हा आठ-बिटी प्रोसेसर, आणि मॉनिटर नावाच्या प्रोग्रामसाठी रॉममध्ये फक्त २,०४८ बाइट. तेवढ्यात कीबोर्ड वाचणं, पडद्यावर अक्षरं काढणं, कॅसेटवर माहिती लिहिणं-वाचणं, रंगीत चौकटींचं ग्राफिक्स आणि मेमरी तपासणं हे सगळं बसवायचं. शिवाय एक डिसअसेम्बलर. म्हणजे मेमरीतले नुसते आकडे घेऊन माणसाला वाचता येतील अशा सूचना छापणारा प्रोग्राम. १६९ आणि त्यापुढे ६५ दिसले की 'एलडीए, लगतची किंमत ६५' असं त्याने सांगायचं. हा डिसअसेम्बलर ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनिअॅक आणि ॲलन बॉम यांचा. ॲपल-टू बाजारात येण्याआधीच, सप्टेंबर १९७६ मध्ये, तो 'डॉक्टर डॉब्ज जर्नल'मध्ये छापून आला होता.

ऑपकोड एका बाइटचा, म्हणजे शक्यता २५६. त्यातले १५१ अधिकृत, बाकीची भोकं. नावं ५६, सगळी तीन अक्षरी. प्रत्येक ऑपकोडबद्दल तीन गोष्टी कळायला हव्यात: नाव काय, पत्ता कोणत्या पद्धतीने द्यायचा, आणि सूचना किती बाइटांची. सरळमार्गी माणूस २५६ ओळींचा तक्ता करेल. नावाला तीन बाइट, पद्धतीला एक, लांबीला एक. झाले १,२८० बाइट. २,०४८ पैकी १,२८० एकट्या तक्त्याला! उरलेल्यात कीबोर्ड, पडदा आणि कॅसेट कोंबणं अशक्यच. प्रत्यक्षात डिसअसेम्बलरचे सगळे तक्ते मिळून २२२ बाइटांचे आहेत.

अक्षरं

सोपा भाग आधी. इंग्रजी अक्षरं २६, पाच बिटांत ३२ मावतात. तीन अक्षरं म्हणजे १५ बिट. दोन बाइट घेतले की एक बिट वायाच जातो. पहिलंच घर पाहा, बीआरके या सूचनेचं. त्यात असे दोन बाइट आहेत:

०००१११०० ११०११०००

पाच-पाचचे गट पाडा:

०००११ १००११ ०११०० ०

म्हणजे ३, १९, १२ आणि शेवटी एक निकामी शून्य. बी हे दुसरं अक्षर, आर अठरावं, के अकरावं. प्रत्येक आकडा अक्षराच्या क्रमांकापेक्षा एकाने जास्त आहे. असं का, हे मला पहिल्यांदा वाचताना कळलं नव्हतं. मोजायला शून्यापासून सुरुवात करतात, फार तर एकापासून. इथे ए म्हणजे २.

उत्तर छापण्याच्या लूपमध्ये मिळतं. दोन्ही बाइट जोडीने डावीकडे सरकवायचे, बाहेर पडणारा बिट अॅक्युम्युलेटरमध्ये (प्रोसेसरच्या हिशेबाच्या जागेत) घ्यायचा, असं पाचदा. मग त्यात १९१ मिळवायचे आणि छापायचं. ॲपलच्या पडद्यावर साध्या अक्षरांचा वरचा बिट चढवलेला असे, म्हणून आस्कीतला (अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीतला) ए ६५ ऐवजी १९३. १९१ अधिक २ म्हणजे १९३, ए. मग १९१ अधिक शून्य म्हणजे काय? आस्कीत ए च्या आधी 'ॲट'चं चिन्ह आणि त्याच्या आधी प्रश्नचिन्ह. १९१ म्हणजे प्रश्नचिन्ह!

म्हणजे ज्या घरात काहीच नाही, दोन्ही बाइट शून्य, तिथे लूप आपोआप '???' छापतो. 'घर रिकामं आहे का' अशी तपासणी कुठेच नाही. एक तुलना, एक उडी आणि एक वेगळा संदेश वाचला, आणि त्यासाठी फक्त मोजणी एक पाऊल अलीकडून सुरू करावी लागली. सगळ्या लिस्टिंगमध्ये मला सर्वांत आवडणारी जागा ही.

नावांचे हे दोन बाइट शेजारी-शेजारी ठेवलेले नाहीत, हेही पाहून ठेवा. डाव्या बाइटांचा ६४ घरांचा एक तक्ता, उजव्यांचा ६४ घरांचा दुसरा. ६५०२ मध्ये घराचा क्रमांक धरणारं इंडेक्स रजिस्टर आठ बिटांचं. जोड्या लावून ठेवल्या असत्या तर दर वेळी क्रमांक दुप्पट करावा लागला असता. दोन समांतर तक्त्यांत तोच क्रमांक दोन्हीकडे चालतो.

चावी

पण तक्त्यात घरं ६४ आणि ऑपकोड २५६. कुठला ऑपकोड कुठल्या घरात, ही माहिती कुठे आहे? कुठेच साठवलेली नाही. ती ऑपकोडच्या बिटांतच आहे.

शाळेत आपण बाराखडी घोकतो तेव्हा क, का, कि, की ही बारा वेगळी अक्षरं म्हणून शिकत नाही. व्यंजन एक, वर स्वरांच्या खुणा. ६५०२ च्या सूचनांचा मोठा हिस्सा तसाच रचलेला आहे. शेवटचे दोन बिट ०१ असलेला गट घ्या. उरलेल्या सहापैकी वरचे तीन बिट म्हणजे व्यंजन, काय करायचं ते: बेरीज, वजाबाकी, तुलना, मेमरीतून आणणं, मेमरीत ठेवणं वगैरे आठ क्रिया. मधले तीन बिट म्हणजे स्वर, पत्ता कसा द्यायचा ते, त्याही आठ पद्धती. आठ गुणिले आठ, ६४. त्यातलं एकच अक्षर नाही: 'ठेवा'ला 'लगतची किंमत' ही मात्रा लागत नाही, कारण स्थिरांकात काही ठेवण्याला अर्थ नाही. तो ऑपकोड १३७. त्याची गोष्ट पुढे येईल.

बाकीचे गट इतके देखणे नाहीत, पण त्यांतही शिस्त आहे. वॉझनिअॅक आणि बॉम यांनी पाच नियम काढले. व्यंजनाचे बिट 'क' आणि स्वराचे बिट 'ख' असे लिहिले तर:

१ककक१०१० चं घर ००१०१ककक
कककखखख०१ चं घर ००१११ककक
कककखखख१० चं घर ००११०ककक
कककखख१०० चं घर ००१००ककक
ककककक००० चं घर ०००ककककक

उजवीकडचे क्रमांक जोडून पाहा: शेवटच्या नियमाला ३२ घरं, बाकी चार नियमांना प्रत्येकी आठ. बरोबर ६४, एकही घर दोनदा नाही. याला आजच्या भाषेत परिपूर्ण हॅश म्हणता येईल, फक्त इथे हॅश शोधायला यंत्र लावलं नव्हतं. लिस्टिंगमध्ये हे पाच नियम शेऱ्यांच्या रूपात दिलेत आणि त्यांच्या शेजारी जो कोड आहे तो पंचविसेक बाइटांचा. पाच नियमांसाठी पाच फांद्या असतील असं वाटतं. नाहीत. पहिल्या नियमासाठी एक तपासणी आहे, बाकी चार एकाच लूपमध्ये निघतात.

१६९ घेऊन हाताने चालवून बघू. आकडा १०१०१००१. लूप उजवीकडे सरकवतो आणि बाहेर पडलेला बिट बघतो. इथे पहिल्याच फटक्याला १ पडला, उरलं ०१०१०१००. एक जादा सरकवणं: ००१०१०१०. आता आतला लूप: सरकव आणि उजवीकडून सहाव्या जागी १ ठेव, हे मोजणी संपेपर्यंत, म्हणजे तीनदा.

००११०१०१
००१११०१०
००११११०१

आलं ६१. त्या घरात ०११०१००१ ०१०००१०० आहे: १३, ५, २. एल, डी, ए.

मजा अशी की पहिला १ जितक्या लवकर सापडेल तितकी मोजणी शिल्लक असते आणि तितके जास्त १ वर ठेवले जातात. शेवट ०१ असेल तर तीन, १० असेल तर दोन, १०० असेल तर एक, ००० असेल तर एकही नाही. 'उजवीकडून पहिला १ कुठे आहे' हे लूपने मोजलं आणि मोजमापच घराच्या पत्त्यात लिहून टाकलं. गट ओळखणं आणि घर काढणं ही दोन कामं वेगळी राहिलीच नाहीत. मी हे पेन घेऊन तीनदा चालवलं तेव्हा विश्वास बसला.

पद्धत आणि लांबी

दुसरा तक्ता पत्त्याच्या पद्धतींचा. पद्धती १३ आणि अवैधाची एक खूण, मिळून १४, म्हणजे चार बिट पुरेत, एका बाइटमध्ये दोन ऑपकोड. सम ऑपकोड १२८, त्यांना ६४ बाइट. विषमांपैकी शेवट ११ असलेले सगळे अवैध. ०१ वाल्यांत बाराखडी इतकी नियमित आहे की आठ स्वरांना आठ निबल (अर्धे बाइट), चार बाइट. झाले ६८.

बाइटमधला वरचा की खालचा अर्धा घ्यायचा, हे काढणारा कोड मात्र डिसअसेम्बलरमध्ये सापडत नाही. तिथे एका भलत्याच सबरूटीनच्या मध्यावर उडी आहे. ॲपल-टूच्या रंगीत चौकटींच्या ग्राफिक्समध्ये रंग १६, म्हणून चौकटीला चार बिट, आणि एका बाइटमध्ये वरखाली दोन चौकटी. 'या जागी कोणता रंग आहे' हे सांगणाऱ्या रूटीनला बाइटचा योग्य अर्धा काढावाच लागतो. डिसअसेम्बलर नेमका त्याच जागी आत शिरतो. सूचनांची पद्धत तो पडद्यावरचा रंग वाचल्यासारखी वाचतो! आजच्या रिव्ह्यूत मी हे पास केलं नसतं. ग्राफिक्सवाल्याने उद्या आपलं रूटीन बदललं तर डिसअसेम्बलर मुकाट्याने चुकेल. पण त्या रॉमच्या ग्राफिक्समध्ये आणि डिसअसेम्बलरमध्ये वॉझनिअॅकचाच हात होता.

चार बिटांतून १४ घरांचा छोटा तक्ता मिळतो, आणि त्यातल्या एकेका बाइटमध्ये खालचे दोन बिट म्हणजे नावानंतर किती बाइट येतात ते, वरचे सहा म्हणजे कोणती विरामचिन्हं छापायची ते. ०१००११०१ घ्या. शेवटचे ०१, म्हणजे पुढे एक बाइट. वरचे सहा ०१००११: दुसरा बिट उघडता कंस आणि डॉलरचं चिन्ह छापतो, मग आकडा, मग पाचवा बंद कंस, सहावा स्वल्पविराम आणि वाय. चिन्हांचे दोन तक्ते, सहा-सहा बाइटांचे. ६४, ६४, ६८, १४ आणि १२. बेरीज २२२.

उलटा शोध

इथवर तक्ता एकाच दिशेने चालतो, आकड्यावरून नाव. पण ॲपल-टूच्या रॉममध्ये मिनी-असेम्बलरही होता. मॉनिटरमध्ये एफ६६६जी टाइप केलं की उद्गारचिन्ह यायचं आणि सूचना थेट नावाने लिहिता यायच्या. आता चावी म्हणजे नाव अधिक पद्धत, आणि हवा आहे ऑपकोड. बहुतेकांचा हात लगेच दुसऱ्या तक्त्याकडे जाईल: नावं वर्णक्रमाने लावा, बायनरी सर्च करा, म्हणजे यादी निम्मी-निम्मी कापत शोधा.

त्यांनी नवीन तक्ता केलाच नाही. टाइप केलेली तीन अक्षरं त्याच पाच-पाच बिटांच्या रीतीने दोन बाइटांत बांधायची. सोबत लिहिलेल्या कंस-स्वल्पविरामांवरून पद्धतीचा बाइट तयार करायचा. मग ऑपकोड वरून खाली एकेक घ्यायचा, डिसअसेम्बलरचं रूटीन त्यावर चालवायचं, आणि नाव व पद्धत जुळते का ते पाहायचं. जुळलं तर तोच ऑपकोड. नाही तर एकाने कमी करून पुन्हा.

ऐकायला हे गावठी वाटतं. हिशेब करू. एका ऑपकोडला प्रोसेसरच्या घड्याळाची शे-दीडशे चक्रं धरा. २५६ वेळा म्हणजे पंचवीस ते अडतीस हजार चक्रं. प्रोसेसर १.०२३ मेगाहर्ट्झचा. तीस-चाळीस मिलिसेकंद, आणि दुसरी फेरी लागली तर त्याच्या दुप्पट. रिटर्न दाबणाऱ्या माणसाचं बोट वर येईपर्यंत उत्तर तयार. बायनरी सर्चने तो वेळ एक मिलिसेकंदावर आणला असता तर कुणाला कळलं असतं? पण तक्त्याचे शे-दोनशे बाइट गेले असते ते लगेच जाणवले असते. शिवाय एक फायदा जो मला फार मोठा वाटतो: दोन दिशांना एकच तक्ता असल्यामुळे असेम्बलर आणि डिसअसेम्बलर यांच्यात मतभेद होऊच शकत नाही. एकाने जे लिहिलं ते दुसरा तसंच वाचणार, चूक असली तरी दोघांची एकच.

पुढे काय झालं

१९७९ चा ॲपल-टू प्लस आला तेव्हा रॉममध्ये बेसिक भाषेची मोठी आवृत्ती बसवली आणि मिनी-असेम्बलर गेला. तो तक्त्याचा दोष नव्हे. तक्त्याचा खरा कस लागला ६५सी०२ आल्यावर. ॲपलने हा सुधारित प्रोसेसर १९८४ च्या टू-सी मध्ये घातला. नव्या चिपने जुन्या भोकांत नव्या सूचना भरल्या होत्या, आणि भोकं भरताना बाराखडीची शिस्त सगळीकडे पाळलेली नव्हती. १३७ आठवतो? 'स्थिरांकात ठेवा' हे निरर्थक अक्षर. तिथे आता बिट तपासण्याची सूचना आली. व्यंजनाच्या रांगेत बसून वेगळंच काहीतरी म्हणणारी.

त्याहून बोचरी गोष्ट १२८ ची. मूळ कोडमध्ये अवैध ऑपकोड सापडला की त्याच्या जागी १२८ घ्यायचा, अशी युक्ती होती. १२८ स्वतः अवैध, पाचव्या नियमाने त्याचं घर १६, त्या घरात दोन शून्यं, आणि शून्यांतून '???' फुकट. एक अवैध सगळ्या अवैधांचा प्रतिनिधी. ६५सी०२ मध्ये १२८ ला नवी सूचना मिळाली: बीआरए, बिनशर्त उडी. त्यामुळे १६ व्या घरात बीआरए लिहायचं, तर सगळी भोकं आपण बीआरए आहोत असं सांगू लागणार. प्रतिनिधी बदलून २५२ करावा लागला, आणि नियमांत न बसणाऱ्या ऑपकोडांची एक वेगळी यादी जोडावी लागली, जी एकेक तुलना करत शोधायची. त्या यादीत, अर्थात, चाव्या साठवलेल्या आहेत. चावी न साठवण्याची सवलत तिथे संपली. तरी मूळ पाच नियमांचा लूप तसाच ठेवला गेला, आणि १९८५ च्या सुधारित टू-ई मध्ये मिनी-असेम्बलरही परत आला.

आमच्या रिव्ह्यूत हॅश टेबल गेलं. कमांडची तीन अक्षरं पाच-पाच बिटांत बांधली, सोळाव्या बिटात 'या कमांडला आकडा लागतो का' हे ठेवलं, आणि शोध सरळ वरून खाली. कमांड माणूस टाइप करतो, घाई कुणालाच नाही. चावी मात्र आम्हाला साठवावी लागली. आमचे कमांड कुणी बिटांचा विचार करून ठेवलेले नाहीत, विक्री विभागाने सुचवले तसे आहेत.

कोड चढवण्याआधी तिने एकच विचारलं. शून्य म्हणजे 'असा कमांड नाही' असं आपण धरलंय, पण पुढच्या मॉडेलमध्ये त्यांनी तीन प्रश्नचिन्हांचा मदत-कमांड मागितला तर? मी हसलो, आणि मग हसणं थांबवून मागण्यांची यादी उघडली. चौथ्या पानावर होता.